होटगी रोडवरचा एक दिवस आणि 448 मीटरचा टॉवर

सोलापुरात विमानांच्या वाटेतल्या अडथळ्यांचं (चिमण्या, टॉवर, झाडं) सर्वेक्षण करायचं तर मार्च बरा. गाळप हंगाम सरत आलेला असतो. ऐन हंगामात कारखान्यांच्या चिमण्यांचे माथे धूर आणि वाफेत बुडालेले असतात, टोटल स्टेशनची, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राची, दुर्बीण नेमकी कशावर रोखावी तेच समजत नाही. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा थरथरते आणि दूरची टोकं दुर्बिणीत स्थिर राहत नाहीत. त्यामुळे होटगी रोडच्या विमानतळावर आमचा जीपीएस बेस रिसीव्हर सूर्य वर यायच्या आतच, अचूक स्थान माहीत असलेल्या नियंत्रण बिंदूवर उभा होता.

काम होतं उपग्रहाधारित उतरण पद्धतीच्या अभ्यास-आराखड्याचं. ‘गगन’ ही यंत्रणा भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून उभारली. देशभरातली 15 संदर्भ केंद्रं जीपीएसमधली त्रुटी सतत मोजतात आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहामार्फत थेट विमानातल्या रिसीव्हरला मिळते. उंचीच्या मार्गदर्शनासाठी तिला 2015 मध्ये प्रमाणपत्र मिळालं. 28 एप्रिल 2022 ला किशनगड इथे एटीआर विमानाने या आधारावर एलपीव्ही प्रकारची (आडवं आणि उभं दोन्ही मार्गदर्शन उपग्रहावरून घेणारी) चाचणी उतरण केली. आयएलएस या जमिनीवरच्या रेडिओ उतरण यंत्रणेला दिशेसाठी लोकलायझर लागतो, उतारासाठी ग्लाइड पाथ लागतो, त्यांच्यासमोर मोकळी ठेवलेली जागा लागते, ठरावीक काळाने उड्डाण-तपासणी लागते. दिवसाला मोजकी विमानं येणाऱ्या सोलापूरला हा खर्च परवडणं अवघड. म्हणून या संशोधनाचा खरा लाभ मोठ्या विमानतळांपेक्षा अशा गावांना आहे, असं माझं ठाम मत आहे.

एका शेताच्या बांधावर ट्रायपॉड लावताना शेतमालकांनी विचारलं, “काय साहेब, परत चिमणी पाडायची का?” इथे हा प्रश्न हलका नाही. सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे 90 मीटर उंच चिमणी 15 जून 2023 ला पाडली गेली, ती विमानांच्या वाटेत येते म्हणून त्याआधी कित्येक वर्षं वाद चालला होता. “नाही मामा, फक्त मोजतोय. नीट मोजलं तर विनाकारण काही पाडावं लागत नाही,” एवढंच उत्तर दिलं, आणि ते खरंच होतं.

चिमणीच्या माथ्यावर प्रिझम (किरण परतवणारी काच) धरायला माणूस चढवत नाहीत. दोन वेगळ्या बिंदूंवरून कोन घेऊन छेद काढतात. इथे नेहमी होणारी गफलत म्हणजे चिमणीचा काठ मोजला जातो आणि त्यावरची वीजरोधक सळई राहून जाते. झाडांचं वेगळंच. निलगिरी आज मोजली तरी पुढच्या पावसाळ्यानंतर ती उंची खरी राहत नाही, म्हणून वाढीची भर धरावीच लागते. विमानतळाच्या आसपासच्या अडथळ्यांना उभ्या दिशेने 3 मीटरची अचूकता पुरते. धावपट्टीच्या उंबरठ्याला, म्हणजे उतरण्यायोग्य भागाच्या सुरुवातीला, मात्र मीटरच्या अंशांतली लागते.

दुपारी सावलीत बसून जुन्या नोंदींशी ताळा सुरू झाला आणि दिवसाची खरी गोष्ट तिथे सापडली. बाहेरून आलेल्या एका तक्त्यात एका मोबाइल टॉवरचा माथा 448 मीटर लिहिला होता. टॉवरच्या पायथ्याची जमीन आमच्या मोजणीत 478 मीटर. म्हणजे कागदावर टॉवर जमिनीत तीस मीटर गाडलेला! प्रत्यक्षात तो 40 मीटर उंच, माथा 518 मीटर.

फरक बरोबर 70 मीटरचा, आणि कारणही त्या आकड्यातच. जीपीएस रिसीव्हर उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती दीर्घवर्तुळाकार पृष्ठभागापासून. नकाशावरची उंची असते समुद्रसपाटीपासून. दख्खनमध्ये समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्या गणिती पृष्ठभागाच्या बराच खाली आहे, सोलापूर भागात जवळपास 70 मीटर. त्यामुळे रिसीव्हरचा कच्चा आकडा तसाच उतरवला की प्रत्येक वस्तू तेवढी बुटकी होते.

टॉवर बुटका म्हणून चूक पकडली गेली. पण याच तक्त्यात 90 मीटरची चिमणी असती तर? 478 अधिक 90, वजा 70, म्हणजे 498. कागदावर 20 मीटरचं काहीतरी, एखाद्या पाण्याच्या टाकीएवढं. कुणालाही शंका आली नसती. विमानतळाभोवतीची आतली आडवी संरक्षक पातळी, जिच्यावर काही डोकावू नये ती, 45 मीटरवर असते, ही चिमणी तिच्याखाली गुपचूप बसली असती. म्हणजे अडथळा जितका उंच, तितकी ही चूक लपते. तक्त्यातली प्रत्येक ओळ आम्ही पुन्हा तपासायला घेतली.

सगळे आकडे सरसकट समुद्रसपाटीवर आणले की झालं, असंही नाही. एलपीव्हीच्या अंतिम टप्प्याचा जो माहिती-गठ्ठा विमानाच्या डेटाबेसमध्ये जातो, त्यात उंबरठ्याची उंची दीर्घवर्तुळाकार पृष्ठभागापासूनचीच लागते, 0.1 मीटरच्या पायरीने. अडथळे मात्र समुद्रसपाटीपासून. एकाच आराखड्यात दोन्ही संदर्भ नांदतात. गठ्ठ्याच्या शेवटी 32 बिटांची तपासणी-संख्या असते, एक बिट जरी बदलला तरी रिसीव्हर तो नाकारतो. पण ही संख्या वाटेत झालेला बदल पकडते, मुळातच चुकीचा भरलेला आकडा नाही. तो पकडायचं काम माणसाचं आणि हवाई मार्गनिर्देशन सेवा पुरवणाऱ्या संस्थेचं, म्हणजे विमानतळ प्राधिकरणाचं.

सूर्यास्तानंतर रिसीव्हर मुद्दाम चालू ठेवला. विषुवदिनाच्या आसपास, सौरचक्र जोरात असताना, आपल्या अक्षांशांवर अंधार पडल्यावर आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात विरळ बुडबुडे उठतात आणि उपग्रहांचे संकेत लुकलुकतात. गगन आयनोस्फिअरची दुरुस्ती 5 अंशांच्या जाळ्यावर देते. सोलापूर 15 आणि 20 अक्षांशांच्या जवळपास मधोमध येतं, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या बिंदूंवर विसंबावं लागतं. साडेआठच्या सुमारास दक्षिणेकडचे काही उपग्रह सुटले आणि उभ्या दिशेची संरक्षण-मर्यादा, म्हणजे उंचीतली चूक ज्यापलीकडे जाणार नाही अशी हमी असलेला आकडा, 50 मीटरच्या वर गेली. या दर्जाच्या उतरणीला 50 हीच हद्द आहे. रिसीव्हरने एलपीव्ही उपलब्ध नसल्याचं दाखवलं. यंत्रणेने अगदी योग्य तेच केलं: जिथे खात्री नाही तिथे खात्री दिली नाही.

प्रयोगशाळेतलं प्रारूप कितीही सरस असो, अशा संध्याकाळींची नोंद शेताच्या बांधावरूनच मिळते, आणि ती वर्षानुवर्षं गोळा करणं हवाई मार्गनिर्देशन सेवा देणाऱ्या संस्थेलाच शक्य आहे. आकडे तिचे, पद्धत तिची, सुरक्षेचं उत्तरदायित्वही तिचं. त्या रात्रीची फाइल आयनोस्फिअरच्या अभ्यासासाठी बंगळुरूला पाठवली. आराखड्यात एलपीव्हीच्या जोडीला, फक्त आडव्या मार्गदर्शनावर चालणारी आणि किमान उंची जास्त असलेली एलनॅव्हची ओळ घातली, म्हणजे संध्याकाळी संकेत गेला तरी वैमानिकाच्या हातात वापरता येईल असा पर्याय राहील. पुढे सिम्युलेटर, प्रत्यक्ष उड्डाणाने पडताळणी, डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मंजुरी आणि विमान-माहितीच्या 28 दिवसांच्या चक्रातलं प्रकाशन, एवढे टप्पे बाकी होते. त्याआधी त्या तक्त्याच्या उरलेल्या ओळी.