सेंट लुईसच्या कोर्टाच्या पायऱ्या

अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसला येणारा प्रत्येक जण त्या ६३० फुटी आर्चखाली मान वर करून फोटो काढतो. आम्हीही काढले. पण मला खरं पाहायचं होतं ते तिच्या पश्चिमेला असलेलं, लोखंडी घुमटाचं जुनं कोर्ट. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथल्या पायऱ्यांवर एके काळी माणसांचा लिलाव व्हायचा. मालक मेला की भांडीकुंडी, जनावरं आणि गुलाम, सगळंच विकायला निघे.

समोर ड्रेड आणि हॅरिएट स्कॉट या जोडप्याचा पुतळा आहे. एप्रिल १८४६ मध्ये दोघांनी याच शहरात स्वातंत्र्यासाठी दावे दाखल केले. ड्रेडचा मालक जॉन इमर्सन हा लष्करी डॉक्टर. बदली होईल तिथे तो ड्रेडला नेई: आधी इलिनॉयला, मग आजच्या मिनेसोटातल्या फोर्ट स्नेलिंगला. इलिनॉयमध्ये गुलामगिरीला बंदी होती. फोर्ट स्नेलिंगमध्येही होती, पण ती १८२० च्या मिझुरी तडजोडीमुळे. मिझुरी गुलामगिरी असलेलं राज्य, मेन मुक्त राज्य, म्हणजे सिनेटमधलं पारडं समतोल; आणि पश्चिमेच्या प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या वर गुलामगिरी नाही. पुढाऱ्यांनी हा सौदा आपापसात केला होता. स्कॉट दांपत्याने तो खरा धरला.

त्यात वेडेपणा काही नव्हता. मुक्त भूमीवर राहिलेला गुलाम मुक्तच, असे निकाल मिझुरीच्या कोर्टांनी पूर्वी दिले होते, आणि सेंट लुईसमध्ये असे ३०० हून अधिक दावे झाले होते.

तरी १८४७ मध्ये ते हरले. कसे, ते वाचून मी तिथेच थबकलो. डॉक्टर वारला होता, मालकी त्याच्या विधवेकडे. ‘मी यांना बाईंकडून मजुरीवर घेतलं,’ असं एका साक्षीदाराने सांगितलं. पण उलटतपासणीत त्याने कबूल केलं की व्यवहार त्याच्या बायकोने केला होता. झालं, साक्ष ऐकीव ठरली. हे बाईंचे गुलाम आहेत हेच सिद्ध झालं नाही, म्हणून ते बाईंकडेच राहिले! असली कायदेशीर कसरत आपल्याकडच्या मुरलेल्या वकिलालाही सुचायची नाही.

१८५० मध्ये याच इमारतीत गोऱ्या ज्यूरीने त्यांना मुक्त ठरवलं. दोन वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. शेवटी ६ मार्च १८५७ ला वॉशिंग्टनमध्ये सरन्यायाधीश टॅनी यांनी ७ विरुद्ध २ मतांचा निकाल वाचला: काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही आणि १८२० ची ती बंदी घटनाबाह्य. गंमत अशी, की ती रेषा काँग्रेसने १८५४ मध्येच कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने पुसली होती. मेलेल्या कायद्याला न्यायालयाने पुन्हा मारलं, आणि तडजोडीची वाटच बंद केली. चार वर्षांत यादवी युद्ध पेटलं. नागरिकत्वाचा प्रश्न १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने मिटवला.

स्कॉट कुटुंब मात्र १८५७ च्या मे महिन्यातच सुटलं. विधवेचा दुसरा नवरा निघाला मॅसॅच्युसेट्सचा गुलामगिरीविरोधी खासदार! त्याची पंचाईत झाली. फक्त मिझुरीत राहणारा मालकच गुलामाला सोडू शकत होता, म्हणून ड्रेडच्या जुन्या मालकाच्या मुलाच्या, टेलर ब्लोच्या नावावर कुटुंब करून दिलं गेलं, आणि २६ मे रोजी त्याने याच कोर्टात त्यांना मुक्त केलं. बाईंनी एक अट घातली होती. खटला चालू असताना स्कॉट कुटुंबाने केलेल्या कामाची साठलेली मजुरी त्यांना हवी होती. ती बाईंना मिळाली.