इस्नाच्या लॉकपाशी गेलेले सात तास

इजिप्तमध्ये नाईल नदीवरची लक्सर ते अस्वान क्रूझ ठरवत असाल तर पैसे भरण्याआधी एवढं विचारून घ्या: इस्नाचं लॉक कधी ओलांडणार आणि एडफूच्या देवळाला किती वेळ देणार? आम्ही विचारलं नव्हतं.

लक्सरहून निघाल्यावर ५०-५५ किलोमीटरवर इस्नाचा बंधारा लागतो. बोट लॉकमध्ये, म्हणजे दोन दारांमधल्या हौदात, शिरते, मागचं दार बंद होतं, पाणी भरत जातं आणि बोट वरच्या पातळीला आली की पुढचं दार उघडतं. पण एका खेपेला दोनच बोटी, आणि आमच्यापुढे मोठी रांग. "तासाभरात नंबर लागेल," असं सकाळी सांगितलं. दुपारच्या जेवणाला तेच, चहाला तेच. छोट्या होड्यांतून विक्रेते येऊन चादरी आणि झगे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थेट डेकवर फेकत होते. आईने एक टेबलक्लॉथ घेतला. पैसे त्याच पिशवीतून खाली टाकले.

खरा राग याचा, की आम्ही काठालाच बांधलेलो होतो आणि इस्नाचं ख्नूम देवाचं मंदिर तिथून चालत जाण्यासारखं होतं. रस्त्याच्या पातळीखाली, खड्ड्यात उभं असलेलं, २४ खांबांचं, छताचे रंग साफ करून पुन्हा उजळवलेलं. "नंबर कधीही लागेल, उतरू नका," म्हणून सात तास बसवून ठेवलं. तुमच्यावर ही वेळ आली तर मॅनेजरकडे आग्रह धरा.

एडफूला पोहोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. इ. स. पू. २३७ ला सुरू होऊन ५७ मध्ये पूर्ण झालेलं होरस या ससाणा-देवाचं देऊळ, आणि हातात ३५ मिनिटं! दाराशी ग्रॅनाइटचा ससाणा बघितला. ज्या भिंतीवर होरस पाणघोड्याच्या रूपातल्या आपल्या शत्रूला, सेथ देवाला, भाल्याने टोचतो, तिथवर धावत गेलो. आईचे गुडघे दुखतात, ती अंगणातच थांबली. ते मला अजून लागतं.

बाकी सगळं सुरळीत. कोम ओम्बोच्या देवळापाशी मगरींच्या ममी आहेत, त्या चुकवू नका. व्हॅली ऑफ द किंग्जच्या साध्या तिकिटात तीनच थडगी बघता येतात, तुतनखामुनचं तिकीट वेगळं. बऱ्याच ठिकाणी खिडकीवर रोख घेत नाहीत, कार्ड जवळ ठेवा. सुट्या नोटा मात्र लागतातच. टिपेला तिथेही शब्द 'बक्षीस'च आहे. अबू सिंबेलची देवळं बघायला पहाटे चारला निघावं लागतं, स्वेटर घ्या. आणि हो, धक्क्याला बोटी एकीला एक लावून उभ्या करतात, दुसऱ्यांच्या बोटींतून चालत काठावर जावं लागतं. वयस्कर माणसं असतील तर त्यांचा हात धरा.