मफलर आक्काचा होता

12 डिसेंबर, रात्री साडेअकरा

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. ही म्हणते, बडाखान्यातलं, पलटणीच्या जेवणातलं, मटण बाधलं. मी दोन फोडींच्या वर खाल्लंच नव्हतं. जे बाधलंय ते हिला सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

यंदा आम्ही नऊ जण. 2021 ला एकाहत्तरच्या बांगलादेश युद्धाला पन्नास वर्षं झाली तेव्हा तेवीस होतो, कार्यालयाचा मोठा हॉल घेतला होता, फेटे, हार, माईक, सगळं होतं. आता कराडच्या त्याच कार्यालयाच्या मागच्या खोलीत भागतं. 16 डिसेंबर सगळ्या देशाचा, 10 डिसेंबर आमच्या पलटणीचा. जंगी पलटण, म्हणजे 1 मराठा, आणि जमालपूरची लढाई. मधे नऊ खुर्च्या आणि भिंतीला लागून पोरं, सुना, औषधाच्या पिशव्या सांभाळणारे नातू. आणून सोडणारेच जास्त झाले आता.

घोषणा झाली. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की' हा मान सुभेदार साहेबांचा. मधेच त्यांचा आवाज बसला, तेव्हा 'जय' आम्ही जरा लवकरच म्हटलं.

जेवणं झाली आणि टाकळीकर उठला. दरवर्षी तोच सांगतो. सैनिक टाकळीचा गडी, बोलायला पहिल्यापासून खमक्या. पाकिस्तानची कमालपूरची चौकी पडली तिथून सुरुवात, मग ब्रह्मपुत्रा, मग जमालपूरच्या खाली टांगाईलच्या रस्त्यावर आपण कसे आडवे बसलो. मग चिठ्ठी. ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, आणि जमालपुरात बसलेल्या पाकिस्तानी 31 बलूच पलटणीच्या सुलतान महमूदनं उलट टपाली कागदात गोळी गुंडाळून पाठवली. लेखणी चांगली चालवता, पुढच्या वेळी हातात स्टेनगन घेऊन भेटा, असं लिहून. इथं टाकळीकर मूठ उघडून गोळी दाखवल्यासारखं करतो, पोरं टाळ्या वाजवतात. खरं म्हणजे चिठ्ठीचं आम्हाला लढाई झाल्यावर कळलं. मोर्च्यातल्या शिपायाला कोण सांगतो? आम्हाला ठाऊक एवढंच, की आमचे सीओ, पलटणीचे कमांडिंग ऑफिसर, ब्रार साहेबांनी रस्ता सोडायचा नाही म्हटलंय.

मग ती रात्र. 10 ची 11 होत होती. बलूचवाले शहरातून निघाले, टांगाईलकडं वाट काढायला, आणि आमच्या अंगावर आले. एकदा आले, मागं गेले, पुन्हा आले. आमची एलएमजी, हलकी मशीनगन, तापून तेलाचा जळका वास सुटला होता. मी नंबर दोन. नंबर एक गोळी चालवणार, नंबर दोननं मॅगझिन बदलून द्यायची. मॅगझिन संपत आली. मागं प्लाटूनच्या मोर्च्यात आणखी होती. मधे कापलेलं धानाचं शेत आणि दोन बांध.

टाकळीकर म्हणाला, "तवा ह्यो गडी सरपटत मागं गेला, पिशवी भरली, आन् मॅगझिन एकमेकांवर वाजू नयेत म्हणून गळ्यातला मफलर काढून मधी कोंबला!" आणि हात केला जावळीकराच्या पोराकडं. "ह्येचा बाप!"

माझ्या हातात ग्लास होता. तोंड उघडलं आणि मिटलं.

जावळीकर आषाढात गेला. पोरगा पहिल्यांदाच आला होता, पुण्याहून, सुट्टी काढून. तो उठला, टाकळीकराच्या पाया पडला, मग एकेक करत आम्हा सगळ्यांच्या. माझ्याही पडला. त्या सेक्शनचे आता आम्ही तिघंच उरलोय. टाकळीकरानं अठ्ठ्याहत्तरी गाठलीय आणि तिसऱ्याला ऐकू येत नाही.

गेल्या वर्षापर्यंत तो हात माझ्याकडं व्हायचा.

मी काही पदक मागत नाही. त्या लढाईचा 'पूर्वी स्टार' सगळ्यांना मिळाला तसा मलाही मिळाला, कपाटात आहे. पंधरा वर्षं नोकरी करून पेन्शनला आलो आणि वीस वर्षं साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होतो. उसाच्या गाड्या मोजल्या, वह्या भरल्या, तिथं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. वर्षातली चार मिनिटं तेवढी माझी होती. चारच मिनिटं, तीही टाकळीकराच्या तोंडून. ती गेली की राहिलं काय माझ्यापाशी? परवा घरी येताना गाडीत नातू विचारत होता, आजोबा, गप्प का? काय सांगू त्याला?

आणि मफलर. मॅगझिन कुणीही नेली असती, मी नाही तर दुसऱ्यानं. पण तो मफलर आक्कानं विणलेला. गणपतीच्या सुट्टीत गेलो होतो तेव्हा दिला तिनं. हिरवी लोकर, ती पुरली नाही म्हणून शेवटची चार बोटं तपकिरी. वर्दीवर चालत नाही म्हणून मी शर्टाच्या आत घालायचो, मानेला टोचायचा. आक्का जाऊन अकरा वर्षं झाली. तिचा मफलर दुसऱ्याच्या गळ्यात गेला, आणि मी ग्लास धरून बसलो. इतकं साधं वाक्य होतं, 'अरे टाकळीकरा, मफलर माझा होता.' एवढं म्हणायला काय जात होतं?

दोन रात्री हेच चाललंय. मफलर माझा होता, मफलर माझा होता.

एवढंच लिहायचं म्हणून बसलो होतो. पण शेत आणि बांध लिहून झाले तेव्हापासून हात थांबतोय. टाकळीकर जे सांगतो त्यात बांध नसतात. त्याच्या गोष्टीत माणूस जातो आणि येतो.

मी जाताना गेलो. येताना दुसऱ्या बांधापाशी अडकलो. अडकलो कसला, पडून राहिलो. पाय हलेनात. पिशवी पोटाखाली, कपाळ मातीत, धानाचं खुंट गालात रुतलेलं. डोक्यावरून काय काय जात होतं. त्याच्यापेक्षा वाईट हे, की आमची एलएमजी गप्प झालेली मला ऐकू येत होती. मला कळत होतं ती का गप्प आहे. तरी पाय हलत नव्हते.

कुणीतरी पिशवीचा पट्टा ओढला. जावळीकर. शेजारच्या मोर्च्यातून निघून सरपटत आला होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बोलला काही नाही. पट्टा मनगटाला गुंडाळला आणि ओढायला लागला, आणि दुसऱ्या पट्ट्याला धरून मी त्याच्या मागनं. मोर्च्याच्या तोंडाशी पिशवी माझ्याकडं ढकलली आणि तो आपल्या जागेवर गेला. म्हणून मोर्च्यात पिशवी घेऊन शिरलो तो मी. टाकळीकरानं पाहिलं ते तेवढंच.

सकाळी धुकं उठलं तेव्हा रस्त्यावर आणि शेतात जे दिसलं ते लिहीत नाही. जमालपूर शरण आलं. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, शाबास गणपत म्हणाला. जावळीकर चार हातांवर उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि मी दुसरीकडं.

आजचीच तारीख, 12 डिसेंबर. संध्याकाळी पुंगलीच्या पुलापाशी 2 पॅराची आणि आमची गाठ पडली. ती पोरं 11 ला टांगाईलवर छत्रीनं उतरली होती. मुळात ती 3 मराठाच, म्हणजे घरचीच पलटण. कडकडून भेटाभेटी झाल्या. जावळीकर बाजूला बिडी ओढत बसला होता, मी जाऊन शेजारी बसलो. तेव्हा बोलायचं होतं. म्हटलं, ढाक्याला गेल्यावर बोलू. ढाका पडलं, 93,000 कैदी, धांदल नुसती. मग बेळगावला सेंटरवर एकदा भेटलो, म्हटलं लग्नाला येशील तेव्हा बोलू. लग्नालाही आला होता तो. वाट वाकडी करून आला होता, आहेर घेऊन.

आणि दरवर्षी 10 तारखेला टाकळीकर सांगायचा आणि हा समोर बसलेला असायचा. मान खाली घालून तंबाखू मळायचा. गोष्ट संपली की मळलेली तंबाखू आधी माझ्यापुढं धरायचा. 2021 ला तर माईक माझ्याच हातात होता. मी आभार मानले. सगळ्यांचे मानले.

परवा मला चार मिनिटं गप्प बसावं लागलं तर दोन रात्री तळमळतोय. तो किती वर्षं बसला होता?

टाकळीकर चुकला की नाही, हेच आता मला ठामपणे सांगता येईना. पिशवी पोचली ती कुणामुळं, तर नाव त्याचंच निघतं. उशिरा निघालं, माणूस गेल्यावर, पण निघालं. हे लिहिलं आणि छातीवरचं काही उतरलं असं नाही. पण भूक लागलीय दोन दिवसांनी. हिनं झाकून ठेवलेलं दूध पिऊन आलो.

संध्याकाळी त्याच्या पोराचा फोन आला होता. नंबर त्यानं परवाच घेतला होता. म्हणाला, "काका, बाबांनी घरी कधीच काही सांगितलं नाही हो. आईला मफलराचं सांगितलं तर ती कालपासून ट्रंक उपसतीय. कुठंतरी जपून ठेवला असणार म्हणते."

मला पटकन बोलता येईना. मफलर ट्रंकेत नाही. त्याच रात्री पोलादपूरच्या पोराच्या मांडीला बांधला होता, आणि त्याच्याबरोबर गेला तो.

म्हटलं, "आईला म्हणावं, शोधू नका. ट्रंकेत नाही मिळायचा. रविवारी या दोघंही, मी सांगतो सगळं."

"दोघंही?"

"वहिनींना घेऊन ये. त्यांनी ऐकायला पाहिजे."

हिला अजून सांगितलेलं नाही. सकाळी सांगतो, की रविवारी जावळीची माणसं जेवायला आहेत. आधी दुसरा बांध सांगायचा, तंबाखूचंही सांगायचं. मग मफलर. हिरवा होता, टोकाला चार बोटं तपकिरी, आणि आक्कानं विणला होता. तेवढं मात्र मी सांगणार आहे.