मिलिओहम मीटर, नोंद ५: वरचे ३.२ मिलिओहम अखेर सापडले

वायर आणि सांध्यांचा अगदी कमी रोध, म्हणजे ओहमच्या हजाराव्या भागांत (मिलिओहम), मोजणारा मीटर मी घरी बनवतोय. मागच्या नोंदीत गाडी जिथे अडली होती तिथून ती सुटली. एक मीटर तांब्याची वायर १३.६ मिलिओहमच्या आसपास यायला हवी होती आणि मीटर हटकून १६.९ दाखवत होता. दोष एलएम३१७ या रेग्युलेटर चिपमध्ये नव्हता, मल्टिमीटरमध्ये नव्हता आणि वायरमध्येही नव्हता. तो क्रोकोडाइल क्लिपमध्ये होता.

जोडणी तीच आहे. ५ व्होल्टचा अडॅप्टर, त्यापुढे एलएम३१७ चा स्थिर करंट सोर्स, करंट १ अँपिअर. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या पायांमध्ये १.२५ व्होल्ट कायम राहतात, म्हणून सेट रेझिस्टर १.२५ ओहमचा हवा. असा बाजारात मिळत नाही. १.५ ओहम ५ वॉटला ८.२ ओहम समांतर जोडला की १.२६८ ओहम होतो. त्याला आणखी समांतर ४७ ओहम आणि २०० ओहमचा मल्टिटर्न प्रीसेट, म्हणजे स्क्रू फिरवून बदलता येणारा रेझिस्टर (हे दोघे आपसात एकसरीत) लावला की करंट साधारण ०.९९ ते १.०१ अँपिअरमध्ये फिरवता येतो. सिमेंट रेझिस्टर पाच टक्क्यांचे असतात, त्यामुळे प्रीसेट टोकाला जाऊनही १ अँपिअर येत नसेल तर ८.२ च्या जागी ६.८ किंवा १० लावून बघा. एलएम३१७ मध्ये साडेतीन वॉटच्या वर उष्णता होते, हीटसिंक न लावता तो काही सेकंदांत स्वतःला बंद करतो. त्याचा धातूचा पत्रा आउटपुट पायालाच जोडलेला असतो, म्हणून हीटसिंक डब्याला टेकत असेल तर मध्ये अभ्रकाची चकती घाला.

१ अँपिअर ठेवण्याचं कारण सोपं: २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिओहम. गुणाकार-भागाकार नाही, आणि शेवटचा अंक ०.१ मिलिओहमचा.

आता मूळ दुखणं. नमुना म्हणजे दीड एमएमची (छेद दीड चौरस मिलिमीटर) मल्टिस्ट्रँड, म्हणजे अनेक बारीक धाग्यांची वायर. या जातीच्या वायरला २० अंशांवर किलोमीटरला जास्तीत जास्त १३.३ ओहम चालतात, म्हणजे मीटरला १३.३ मिलिओहम. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे ३१ अंशांच्या खोलीत ही मर्यादा १३.९ होते. १६.९ म्हणजे एक तर वायर भेसळीची, नाहीतर मोजणी चुकीची.

एका लांबीवर डोकं खपवण्यापेक्षा तीन लांब्या मोजल्या आणि इथेच गाठ सुटायला लागली. अर्धा मीटर १०.१, एक मीटर १६.९, दोन मीटर ३०.५. आलेख काढला तर रेष सरळ, चढ मीटरला १३.६. पण ती शून्यातून जात नाही, लांबी शून्य असताना ३.३ वर उभी राहते. करंट चुकला असता तर चढ बदलला असता. वायर भेसळीची असती तरी चढच बदलला असता. चढ ठीक आणि पाया उचललेला, म्हणजे लांबीशी संबंध नसलेलं काहीतरी वाचनात मिसळतंय. कमी रोध मोजणाऱ्या प्रत्येकाने आधी ही तीन लांब्यांची चाचणी करावी.

ते काहीतरी व्होल्टेज आहे की रोध, हे ठरवायला आणखी दोन चाचण्या. पहिली, करंटची दिशा उलटवली: एकीकडे +१६.९, दुसरीकडे −१६.७. म्हणजे दिशेबरोबर न बदलणारा भाग फक्त ०.१ मिलिव्होल्ट. यात मीटरचा स्वतःचा शून्यदोष आणि दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांवर तापमानातल्या फरकाने तयार होणारं व्होल्टेज, दोन्ही आले. दुसरी, सेट रेझिस्टर दुप्पट करून करंट ०.५ अँपिअरवर आणला. वरचा भाग निव्वळ व्होल्टेज असता तर ६.८ अधिक ३.३, असं पुन्हा १०.१ दिसलं असतं. दिसलं ८.५. म्हणजे तोही करंटबरोबर निम्मा झाला. तर ३.३ मधून तो ०.१ वजा जाता ३.२ मिलिओहमचा खराखुरा रोध, आणि तोही करंटच्या व सेन्सच्या (व्होल्टेज मोजणाऱ्या) अशा दोन्ही वाटांना सामाईक.

सामाईक असं एकच होतं. करंटची तार क्लिपच्या एका जबड्याला आणि सेन्सची तार दुसऱ्या जबड्याला लावली होती, तेव्हा चार तारांची पद्धत (करंट दोन तारांनी द्यायचा, व्होल्टेज वेगळ्या दोन तारांनी मोजायचं) झाली असं वाटत होतं. पण साध्या क्रोकोडाइल क्लिपचे दोन्ही जबडे मधल्या खिळ्याने आणि स्प्रिंगने आतून जोडलेलेच असतात. विद्युतदृष्ट्या तो एकच तुकडा. दात आणि वायर यांच्यातल्या संपर्काचा ड्रॉप मग सेन्स तारेतही येतो, दर क्लिपला सुमारे १.६. दोन्ही क्लिप एकाच जाड तांब्याच्या पट्टीवर एकाच जागी लावल्या तरी मीटर ३.३ दाखवतो, आणि क्लिप जरा हलवली की आकडा २.८ पासून ४.१ पर्यंत नाचतो. बारावीच्या मीटर ब्रिजमध्ये टोकांच्या पट्ट्यांची जी चूक असते, तीच ही जात. तिथे दोन रेझिस्टर्सच्या जागा बदलून पुन्हा वाचन घेतलं की निभावतं, मिलिओहमला तेवढ्याने भागत नाही.

उपाय स्वस्त निघाला. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा घ्यायचा, दोन्ही जबड्यांवर अर्धा मिलिमीटर जाडीची तांब्याची पट्टी चिकटवायची. एका पट्टीला करंटची जाड तार, दुसरीला सेन्सची बारीक तार. लाकडामुळे पट्ट्या एकमेकींपासून अलग राहतात, फक्त मोजायच्या वस्तूतून भेटतात. सेन्सच्या पट्टीचा संपर्क अगदी एक ओहमचा असला तरी बिघडत नाही: मीटरचा आतला रोध १ मेगओहम धरला तरी त्या तारेतून १४ नॅनोअँपिअर वाहतात, ड्रॉप १४ नॅनोव्होल्ट.

नवी वाचनं ६.९, १३.७ आणि २७.३, शॉर्ट करून ०.१. ते वजा करा: ६.८, १३.६, २७.२. रेष शून्यातून गेली! २० अंशांवर आणलं तर मीटरला १३.० मिलिओहम, वायर निर्दोष. एवढं मात्र पाळा: मल्टिस्ट्रँडची टोकं आधी सोल्डरने भरून घ्या. नाहीतर चिमटा काहीच धाग्यांना पकडतो आणि करंट सगळ्या धाग्यांत पसरेपर्यंतची लांबी वाचन बिघडवते.

खरेदीचं: पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर क्लिप घेताना खिशात चुंबक ठेवा. चिकटली तर मुलामा दिलेलं लोखंड आहे, आणि लोखंडाची रोधकता तांब्याच्या जवळजवळ सहापट. करंट जुळवायला सिमेंटचा ०.१ ओहम वापरू नका. एक टक्क्याचा, ०.१ ओहमचाच, चार पायांचा शंट (करंट मोजायचा नेमका रेझिस्टर) घ्या, त्यावर १००.० मिलिव्होल्ट येईपर्यंत प्रीसेट फिरवा. पैसे खर्चायचेच तर या एका भागावर खर्चा.

पुढचं ठरलं होतं ते असं: मल्टिमीटर काढून एडीएस१११५ हा व्होल्टेजचे आकडे करून देणारा एडीसी लावायचा (±०.२५६ व्होल्ट रेंजवर एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची) आणि ०.१ चा दोष घालवायला रिलेने दिशा उलटवायची. पण हे लिहिताना दिसतंय की दिशा उलटवायची गरजच नाही. करंट बंद असताना एक वाचन, चालू असताना एक, आणि वजाबाकी. दोष तसाच कटतो आणि रिलेच्या जागी स्विच म्हणून एक आयआरएलझेड४४एन मॉस्फेट पुरतो. शिवाय करंट दहातला एक भाग वेळच चालू ठेवला तर एलएम३१७ ची सरासरी उष्णता अर्ध्या वॉटच्या खाली येते, हीटसिंकही लहान चालेल. रिलेचा बेत रद्द.

ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्या मोजायच्या असतील तर क्लिपच्या टोकांवर दोन १एन५४०८ डायोड उलटसुलट दिशांनी लावल्याशिवाय करंट तोडू नका, गुंडाळीचा झटका थेट एडीएस१११५ मध्ये जाईल. पहिला नमुना ६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच), सुटा, बोर्डातून काढलेला: दहा वेळा उघडझाप करून प्रत्येक वेळचा संपर्करोध टिपायचा.