बर्नहॅम डीपडेलची डोण

"आरं, ही तर डोण हाय की. गुरांची?"

व्हिडिओ कॉलवर आईचा पहिला शेरा हा. मी इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावर बर्नहॅम डीपडेल नावाच्या इवल्याशा गावात, सेंट मेरीज चर्चमध्ये एका दगडी भांड्यासमोर उभा होतो. ती सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी, ओसरीवर, शेंगा फोडत बसलेली. तिला म्हटलं, आई, ही डोण नाही, हिला इथे फॉन्ट म्हणतात. लहान मुलांना यातल्या पाण्याने बाप्तिस्मा देतात. आपल्याकडे बारसं असतं ना, साधारण तसं. "मग एवढी जड कशाला? पोर ते केवढं!" प्रश्न रास्त होता. चौकोनी, भक्कम आणि माझ्या कमरेला सहज लागेल एवढं ते कुंड आहे. नॉर्मन काळातलं, म्हणजे बाराव्या शतकातलं.

आधी इथे कसा पोचलो ते सांगतो. शनिवार मोकळा होता, किंग्ज लिनहून किनाऱ्याने जाणारी बस धरली. एका बाजूला खाऱ्या पाण्याची दलदल, दुसऱ्या बाजूला शेतं. चर्चचा बुरुज गोल आहे. अशा गोल बुरुजांची शंभराहून जास्त चर्चेस एकट्या नॉरफकमध्ये आहेत. इथे बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही, मिळते ती ओबडधोबड गारगोटी. तिचा नीट कोपरा साधत नाही, म्हणून कोपराच नको, बुरुज गोल बांधा, असा हिशेब सांगतात. दार ढकललं की उघडतं. आत कुणी नव्हतं.

डोणीवरून आठवलं, आईचा शेरा इतिहासाला धरूनच होता. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात प्युरिटन मंडळींना, म्हणजे जुने विधी नकोत म्हणणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांना, ही जुनी कुंडं म्हणजे अंधश्रद्धेचं घर वाटायची. 1645 साली पार्लमेंटने उपासनेची नवी पद्धत लागू केली आणि बाप्तिस्मा जुन्या कुंडापाशी न देता साध्या भांड्यातून द्यायला लावला. मग कित्येक कुंडं चर्चबाहेर गेली. काहींत गुरं पाणी प्यायली, काहींत बागेतली फुलं लागली, आणि पुढे ती सापडली तशी लोकांनी परत आणून बसवली.

त्याच्याही आधी वेगळीच भीती होती. बाप्तिस्म्याचं पाणी एकदा मंत्रून महिनोन्‌महिने कुंडातच ठेवायचे. ते चोरून नेऊन लोक जादूटोणा करतात, म्हणून 1236 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी फर्मान काढलं की कुंडाला झाकण हवं आणि झाकणाला कुलूप हवं. इंग्लंडमधल्या जुन्या कुंडांच्या काठावर लोखंडी कड्या उखडल्याच्या खुणा दिसतात त्या याच कुलपांच्या. भारलेलं पाणी कोण कशाला नेईल, हे आईला समजावून सांगावं लागलं नाही.

पण मी इतक्या लांब आलो ते कोरीवकामासाठी. कुंडाच्या चौथ्या बाजूला पानाफुलांची नक्षी आहे. उरलेल्या तिन्ही बाजूंवर चार-चार कमानी, आणि प्रत्येक कमानीखाली एक महिना. म्हणजे त्या महिन्यातलं काम. देवदूत नाहीत, संत नाहीत, शेतकरी आहेत. चेहरे झिजून गेलेत, पण हातातलं अवजार ओळखू येतं. मी फोन दगडाजवळ नेला आणि एकेक कमान आईला दाखवत गेलो.

जानेवारीतला गडी शिंगातून पितोय. "वर्साच्या पयल्याच म्हैन्यात?" फेब्रुवारीतला बसून पाय शेकतोय. मार्चचा खणतोय, एप्रिलचा छाटणी करतोय. मे महिन्यातल्या माणसाच्या हातात निशाण आहे. ते पाहून आई म्हणाली, "वारीतली पताका." फार चुकली नाही ती. मे महिन्याच्या सुमारास पाद्री आणि गावकरी निशाणं घेऊन गावाच्या शिवेवरून फिरायचे, पिकासाठी देवाला साकडं घालायचे.

गाडी अडली ती जूनवर. माणूस भांगलण करतोय म्हटल्यावर आई हसायलाच लागली. "जूनमदी भांगलण? पेरणी तरी झाली का?" तिला सांगितलं, इकडे गहू हिवाळ्याच्या आधीच पेरून ठेवतात, जूनमध्ये तो उभा असतो. जुलैत लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापतात. हा विळा मात्र तिला फार आवडला. फोन परत तिथे न्यायला लावला. "उभ्या उभ्या कापतोय बघ. कंबर मोडत न्हाई." ऑगस्टमध्ये पेंढी बांधतात, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. गहू मार्चात निघतो, ऑगस्टात कसला निघतोय! सप्टेंबरची मळणी पाहून म्हणाली, "आपल्याकडं भात झोडपत्यात तसंच." नोव्हेंबरमध्ये डुक्कर मारतोय, हिवाळ्यात चारा पुरत नाही म्हणून मारून, मीठ लावून ठेवायचे, हे सांगितल्यावर ती काही बोलली नाही. शेंगा फोडल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

असं बारा महिन्यांचं कुंड दक्षिणेला केंटमध्ये ब्रुकलंडलाही आहे, पण ते शिशाचं. तिथे कामांच्या वर बारा राशीही आहेत, आपल्या पंचांगातल्याच मेष, वृषभ, मिथुन. गंमत म्हणजे गोलाईवर कमानी वीस झाल्या आणि महिने पडले बारा, म्हणून मार्च ते ऑक्टोबर दोनदा छापून मोकळे झाले! कारागिराची ही युक्ती मला फार जवळची वाटते. ते कुंड अजून पाहिलेलं नाही. आईला घेऊन जायचं आहे, व्हिसाचं जमलं तर.

इकडे मी मागे सरकून तिला तिन्ही बाजू एकदम दाखवल्या. ती थोडा वेळ बघत राहिली.

"बाई एकबी न्हाई रं यात. भांगलणीला बाप्या मानूस कधी जातोय का?"

मी काय सांगणार? खरंच, खणायला गडी, छाटायला गडी, पेंढी बांधायलाही गडीच. माहितीचं पत्रक उलटसुलट करून पाहिलं, त्यात याबद्दल एक ओळ नव्हती.

बसची वेळ होत आली होती. मी शेवटची कमान दाखवली. डिसेंबर. इथे मात्र एकटा गडी नाही, चौघं मेजाशी बसून सणाचं जेवतायत.

"बसल्यात खरं," आई म्हणाली, "पण वाढतंय कोन?"