दाराखालचा पत्रा

पंचवटीत, नदीपासून फार लांब नसलेल्या एका जुन्या घराच्या मागच्या शेडमध्ये १९६८ सालची ट्रायम्फ स्पिटफायर, म्हणजे इंग्लंडची छोटी, उघडी स्पोर्ट्स कार, बरीच वर्षे उभी आहे आणि घरच्यांना ती आता विकायची आहे, असे एका परिचितांनी मला मार्च महिन्यात सांगितले. ती पाहायला निघण्यापूर्वीच मी मनाशी ठरवले होते की या गाडीचा देखणा आकार शेवटी पाहायचा आणि दाराखालचा पत्रा सर्वात आधी. इटलीच्या जोव्हान्नी मिकेलॉटी यांनी रेखाटलेला तो उतरता, ठेंगणा आकार समोर आला की माणूस भाव ठरवायला आलेला असतो हे विसरतो, आणि अशा क्षणी दिलेला शब्द पुढे कित्येक वर्षे फेडावा लागतो.

या गाडीविषयी मला थोडीफार माहिती आहे ती आमच्या वडिलांच्या स्टँडर्ड हेरल्डमुळे. मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून तयार होणारी ही हेरल्ड आणि इंग्लंडमध्ये १९६२ साली आलेली स्पिटफायर ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. पुढची चाके धरणारी रचना, मागचा आडवा पाटा, इंजिनाचा मूळ साचा, अख्खे बॉनेट एकसंध पुढे उलगडण्याची पद्धत, हे सगळे एकाच घरातले आहे. म्हणून सुट्या भागांच्या दृष्टीने ही गाडी आपल्याकडे वाटते तितकी परकी नाही. मात्र एका बाबतीत दोघींमध्ये मोठा फरक आहे, आणि गंजलेली स्पिटफायर घ्यावी की नाही याचे उत्तर मला नेमके त्या फरकातच दिसते.

हेरल्डच्या चेसिसला मधला कणा असतोच, शिवाय दोन्ही कडांनी लोखंडी दांड्याही असतात, त्यामुळे बॉडीचा पत्रा सडला तरी खालचा सांगाडा गाडी तोलून धरतो. स्पिटफायर हलकी आणि ठेंगणी करताना या बाजूच्या दांड्या काढून टाकल्या आणि फक्त मधला कणा ठेवला. वरून छत नाही, म्हणजे ताठपणा देणारे वरचे अंगही नाही. मग गाडी मध्यभागी वाकू नये म्हणून तो सगळा भार दारांखालच्या, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या पोकळ पेटीवर, म्हणजे सिलवर, टाकण्यात आला. एवढेच नव्हे, तर मागच्या चाकांना पुढे-मागे सरकू न देणाऱ्या दांड्यांची पुढची टोकेही चेसिसवर नसून आसनांमागे, बॉडीच्या पत्र्यावरच बोल्टने बसवलेली आहेत. हेरल्डमध्ये दाराखालचा गंज हा प्रामुख्याने रंगकामाचा प्रश्न असतो. स्पिटफायरमध्ये तोच गंज गाडीच्या जिवाचा प्रश्न होतो.

ही पेटी तीन पत्र्यांची असते: बाहेरचा, आतला आणि दोहोंच्या मध्ये ताठपणा देणारा उभा पत्रा. पाणी निचरायला खाली छिद्रे ठेवलेली असतात, पण धूळ आणि चिखलाने ती बुजतात आणि पेटी आतून ओली राहू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे जोडावरचे दोन पत्रे एकमेकांपासून फाकतात आणि बाहेरून फुगवटा दिसू लागतो. तो दिसेपर्यंत मधला पत्रा बहुधा गेलेलाच असतो. नाशिकची हवा वर्षातले आठ महिने कोरडी असल्याने इथे उभ्या राहिलेल्या गाड्या मुंबईतल्या गाड्यांपेक्षा बऱ्या अवस्थेत सापडतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. ही गाडी मात्र आधी काही वर्षे मुंबईच्या खाऱ्या हवेत राहिलेली आणि नंतर गोदावरीच्या शेजारी. शेडच्या भिंतीवर गुडघ्याच्या खाली मातकट रंगाची आडवी रेघ होती. इथले लोक पुराचे पाणी गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. मी विचारल्यावर घरातले वडीलधारे अण्णा म्हणाले, "दुतोंड्या मारुतीला पाणी किती लागलंय ते बघून आम्ही खालचं सामान वर हलवतो. पण २०१९ साली सामान हलवलं आणि गाडी राहिली." त्या रेघेची उंची आणि सिलची उंची मी टेपने मोजली. पाणी पेटीच्या वर गेले होते, म्हणजे पुराचा गाळ आत शिरला असणार हे गाडीला हात लावण्याआधीच कळले.

सोबत अंबडला पत्र्याचे काम करणारे आमचे काका होते. नात्याने नव्हे, पण तीस वर्षांच्या ओळखीने काकाच. त्यांनी आधी दोन्ही दारे बंद करून दार आणि बॉडी यांच्यातली फट वर आणि खाली तपासली. सिल खचलेली असली की गाडी मध्यभागी खाली बसते आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यातली फट आवळते. डावीकडे ती जवळजवळ सारखी होती. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात आगपेटीचे कागदी वेष्टनही जाईना. मग अण्णांची परवानगी घेऊन चेसिसखाली जॅक लावला आणि मागची बाजू थोडी उचलली, तेव्हा उजवे दार उघडेना. डावे दार सहज उघडले. पुढे काकांनी फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक सिलवरून हळूहळू फिरवले. उजवीकडे वीतभर जागेत ते धरतच नव्हते, म्हणजे तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली होती. कोणे एके काळी सडलेल्या पेटीवर वरून नवा पत्रा चिकटवून, लांबी लावून, रंग मारून ती झाकली होती. अशी दुरुस्ती उघड्या गंजापेक्षा वाईट, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण उघडा गंज निदान खोटे बोलत नाही.

"करता येईल," काका म्हणाले, "पण आधी दाराच्या जागेत आडवा पाइप वेल्ड करून बॉडी जखडायची, चेसिस लेव्हलला ठेवायची, आणि एका वेळी एकच बाजू कापायची. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर दार परत कधी बसणार नाही." हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले. इंग्लंडमध्ये या गाडीचे सिल आजही नवे बनवून मिळतात, परंतु ते बसवणारा माणूस घाई करणारा असेल तर त्या पत्र्याचा उपयोग नाही. आसनांमागची, दांड्या बसवलेली जागा हातोडीने वाजवली तर आवाज खणखणीत आला. तिथे फक्त वरवरचा गंज होता, आणि माझ्या दृष्टीने त्या सकाळची ही सर्वात चांगली बातमी होती. मधला कणाही शाबूत निघाला. बॅटरीखालचा पत्रा आम्लाने खाल्लेला होता, पण ते दोन दिवसांचे काम.

पुढच्या चाकांविषयी मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पाहणारे बहुतेक जण इथे चुकतात. या घराण्यातल्या गाड्यांच्या पुढच्या चाकाचा उभा खांब खालच्या टोकाला ट्रनियनमध्ये, म्हणजे खांब धरणाऱ्या पितळी ठोकळ्यात, आट्यांवर फिरतो. त्यात ग्रीस नव्हे, गिअर ऑइल घालायचे असते. ग्रीस आट्यांपर्यंत पोहोचत नाही, आत ओल राहते, खांब गंजतो आणि एखाद्या वळणावर तुटून चाक आडवे पडू शकते. वडील हेरल्डसाठी तेलाचा पंप वेगळा ठेवत असत आणि त्याला ग्रीसचा हात लागू देत नसत. या गाडीत दोन्ही बाजूंना वाळलेले ग्रीस भरलेले होते, म्हणून ते दोन्ही भाग बदलायचेच असे धरून मी हिशेब केला. १२९६ सीसीचे इंजिन जाम होते, तरी मूळचेच होते. प्लगच्या छिद्रांतून तेल सोडून आठवडाभर वाट पाहिली तर अशी इंजिने पुष्कळदा सुटतात, आणि सुटले नाही तरी उघडून करता येते.

इंजिन मूळचे असण्याला कागदोपत्रीही महत्त्व आहे. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी असलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते; आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, ही अट घेणाऱ्याने आधीच मान्य केलेली बरी. अण्णांकडे जुने आरसी बुक होते आणि त्यातला चेसिस क्रमांक गाडीवरच्या पट्टीशी जुळला, परंतु नाव त्यांच्या दिवंगत वडिलांचे होते. वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ भरावा लागतो, आणि ते झाल्याशिवाय व्यवहार करणे मला योग्य वाटत नाही, भाव कितीही कमी असला तरी.

अण्णांनी चार लाख सांगितले होते. चालू, सरळ गाडीच्या भावातून दोन्ही सिल, पुढचे खांब, इंजिन, ब्रेकची सगळी पाइपलाइन आणि रंगकाम वजा केल्यावर माझ्या वहीत एक लाख साठ हजार उरले, आणि तो हिशेब मी त्यांना पान उघडून दाखवला. उजवे दार का उघडले नाही तेही सांगितले. त्यांनी बराच वेळ ते पान पाहिले आणि मुलाशी बोलून कळवतो म्हणाले. आधी ते कागद स्वतःच्या नावावर करून घेणार आहेत. निघण्यापूर्वी काकांनी आणि मी सिलला टेकवून ठेवलेली ओली पोती बाजूला काढली, चेसिसच्या कण्याखाली दोन ठिकाणी लाकडी ठोकळे दिले आणि पोकळ पेटीची बुजलेली छिद्रे तारेने मोकळी केली. उजवीकडून वाटीभर कोरडी, बारीक, नदीची माती खाली पडली.