तुम्ही मालेगावचे ना?

पुण्यात मी मालेगावचा म्हटलं की तिसऱ्या मिनिटाला प्रश्न येतो, आणि ३१ जुलै २०२५ च्या मालेगाव स्फोटाच्या निकालानंतर तर फारच: "मग खरं सांगा, साध्वीला अडकवलंच होतं ना?" तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितोय.

मला खरं कसं माहीत असणार हो? मी मोसम नदीच्या अलीकडचा, कॅम्पातला. स्फोट पलीकडे झाला, भिक्कू चौकात, २९ सप्टेंबर २००८ ला रात्री, रमजान चालू होता आणि आमच्याकडे दुसऱ्या दिवशी घटस्थापना. सहा माणसं गेली. हेमंत करकरेंच्या एटीएसने (राज्याचं दहशतवादविरोधी पथक) स्फोटातल्या मोटरसायकलचा माग काढत साध्वी प्रज्ञासिंह, कर्नल पुरोहित वगैरेंना पकडलं, मग करकरेच २६/११ ला गेले, २०११ ला केस केंद्राच्या तपास यंत्रणेकडे, एनआयएकडे, २०१६ ला एनआयएने साध्वीला क्लीन चिट दिली, कोर्ट म्हणालं नाही, खटला चालवा, आणि तो चालू असतानाच त्या भोपाळच्या खासदार पण झाल्या. ३२३ साक्षीदार, त्यातले तीसच्या वर फुटले. शेवटी कोर्ट म्हणालं ती मोटरसायकल साध्वीचीच हे सिद्ध नाही, बॉम्ब गाडीत होता हेही नाही. सातही जण सुटले.

ज्यांना पेढे वाटायचे होते त्यांनी वाटले. पण अडकवलं म्हणून ज्यांचा जीव तुटतो ना, त्यांनी आमच्याच गावातली २००६ ची केस कधी विचारलीय का? शब-ए-बारातला, बडा कब्रस्तानजवळ, तीसहून जास्त मेले, मारले गेलेले मुसलमान आणि पकडलेले नऊही मुसलमान. बहुतेकांची पाचेक वर्षं आत गेली, २०१६ ला कोर्टाने आरोपातून मुक्त केलं, मधे एनआयएने वेगळेच लोक, हिंदू, आरोपी केले होते. तेव्हा कुठल्या चॅनेलवर भगवा-हिरवा वाद रंगला मला आठवत नाही. (दुसऱ्या बाजूचेही काही कमी नाहीत, २००८ च्या केसमध्ये चार्जशीट म्हणजेच निकाल असं धरून बसलेले मित्र मला आहेत.)

अडकवलं असेलही. पण मग बॉम्ब कोणी ठेवला, हे मला १७ वर्षांत पुण्यात एकानेही विचारलं नाही. त्याच जुलैत मुंबईच्या २००६ च्या रेल्वे स्फोटातले १२ जण हायकोर्टाने सोडले तर सरकार दोन-तीन दिवसांत सुप्रीम कोर्टात. भिक्कू चौकाच्या निकालावर हायकोर्टात गेले ते मेलेल्यांच्या घरचे, स्वतःच.